ऋणभार

यंदा आमच्या अंगणात पन्हाळा उभा राहिला. दिवाळीला किल्ला दरवर्षीच होतो, पण गेल्या वर्षी धाकटीने प्रतापगड केला आणि शेजारच्या पोरांनी “आपला गड टाकून लांबचा कशाला?” म्हणून तिला हिणवले. खरेच आहे. पन्हाळा तालुक्यात राहायचे, कोडोलीच्या मातीचा किल्ला करायचा आणि गड मात्र साताऱ्याकडचा! तेव्हा यंदा आठ दिवस आधीपासून विटांचे तुकडे, पोती आणि चिखल यांनी अंगण व्यापले. तीन दरवाजा झाला, अंधारबाव झाली, उतारावर मोहरी पेरून झाली. वसुबारसेच्या संध्याकाळी मावळे मांडताना एका मावळ्याचा तलवारीचा हात खांद्यातून निखळला, आणि या लेखाला कारण मिळाले.

हात चिकटवायला धाकटीने कोपऱ्यावरच्या दुकानातून फेविक्विकची छोटी नळी आणली. नळीचे टोक दातांनी तोडू नको म्हणेपर्यंत तिने ते कात्रीने कापलेही होते. एक थेंब मावळ्याच्या खांद्यावर पडला, दुसरा तिच्या अंगठ्यावर, आणि पाहता पाहता अंगठा, तर्जनी आणि तलवारीचा हात असे तिघे एकजीव झाले. रडारड झाली. माझी आई वाती वळत बसली होती. ती हातातला कापूस घेऊनच पुसायला धावली. इतक्यात ओट्यावर फराळाची बशी घेऊन बसलेला माझा एक जुना विद्यार्थी ओरडला, “कापूस नको आजी, कापूस लावू नका! भाजेल पोरीला!”

तो पुण्याला रसायनशास्त्राचा अभ्यास करतो. कापसावर हा चिकटपदार्थ पडला तर त्याची घट्ट होण्याची क्रिया एकदम भडकते आणि चटका बसण्याइतकी उष्णता निघते, हे त्याने मागाहून सांगितले. त्या क्षणी त्याने कोमट साबणपाणी मागवले, पोरीची बोटे त्यात बुडवून धरली आणि न ओढता, हळूहळू, एक बोट दुसऱ्यावरून वळवीत सोडवली. रडे थांबल्यावर धाकटीने विचारले, “पण मग ते नळीतच का नाही घट्ट होत?”

इतका चांगला प्रश्न माझ्या वर्गात मला बरेच दिवसांत कुणी विचारलेला नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून गावात थोडा मान. रसायनशास्त्र म्हणजे मला सोडा आणि लिंबू. पण त्या रात्री ओट्यावर त्याने धाकटीला आणि मला जे समजावले, ते मला अजून सोडत नाही.

तो म्हणाला, “या द्रवाचा एकेक रेणू म्हणजे स्वतःचेच दोन्ही हात छातीशी गुंफून उभा असलेला माणूस समजा. असे अब्जावधी लोक नळीत दाटीने उभे आहेत, पण कुणी कुणाचा हात धरीत नाही. बाहेर थेंब पडला की हवेतल्या आणि बोटांवरच्या ओलाव्यातून एक लहानसा ऋण आयन येतो. म्हणजे ज्याच्यापाशी विजेचा ऋण भार जास्तीचा आहे असा कण. तो पहिल्या माणसाला भिडतो, त्याची मिठी सोडवतो आणि त्याचा एक हात धरतो. दुसरा हात मोकळा होतो, आणि तो ऋण भार आता त्या मोकळ्या हातावर जातो. तो हात स्वस्थ राहू शकत नाही. तो शेजाऱ्याची मिठी सोडवतो, भार पुढे सरकतो. शेजारी पुढच्याची सोडवतो. क्षणात हजारोंची साखळी.”

“आणि नळीत?”

“नळी कोरडी असते, आणि द्रवात मुद्दाम किंचित आम्ल ठेवलेले असते. चुकून एखादी सुरुवात झालीच, तर आम्ल तिचा भार तिथल्या तिथे उतरवून घेते.”

धाकटीचे समाधान झाले आणि ती फुलबाज्यांकडे पळाली. मी मात्र ‘ऋण’ या शब्दापाशी अडकलो. आमच्या भाषेने विजेच्या त्या भाराला हे नाव दिले ते वजाबाकीच्या अर्थाने दिले असेल. पण मराठी माणसाला ऋण म्हटले की आधी कर्जच आठवते. आणि साखळीच्या टोकाला असलेला तो भार हुबेहूब कर्जासारखा वागतो. पहिल्याने घेतला, दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. दोनशे कड्या झाल्या तरी तो तसूभर कमी होत नाही. ज्यांच्या हातून तो गेला ते सारे आता स्वस्थ, जोडलेले, निर्धास्त. तो वाहतो आहे फक्त शेवटचा, आत्ताच आत आलेला.

हे ऐकताना मला एक पोरगा आठवला, आणि फराळ गोड लागेनासा झाला.

आमचा हा सगळा वारणेकाठचा भाग उसाचा. दिवाळी झाली की मराठवाड्याकडून, विशेषतः बीडकडून, ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराने! हा कोयता गावाहून निघायच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतो, आणि हंगामभर ती उचल फेडतो. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. त्या कोयत्यांबरोबर पोरेही येतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांतला एक दहा वर्षांचा पोरगा माझ्या चौथीच्या वर्गात बसू लागला. अक्षर मोत्यासारखे. पाढे म्हणताना डोळे मिटायचा. पहाटे आईबाप फडावर गेले की धाकट्या भावाला शेजारच्या कोपीत ठेवून शाळेत यायचा, म्हणून रोज उशीर.

जानेवारीत सहलीचे पैसे गोळा झाले. सहाशे रुपये मी हजेरीपटाबरोबर टेबलावर ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर ते दिसेनात. मी वर्गाला विचारले, “सुट्टीत वर्गात कोण होतं?” एवढेच विचारले. कुणावर आळ घेतला नाही, कुणाचे नाव घेतले नाही. पण विचारताना मी त्या पोराकडे पाहिले.

ते पाहणे अर्ध्या क्षणाचे असेल. पण चाळीस पोरांनी माझी नजर कुठे गेली ते पाहिले आणि चाळीस माना तिकडे वळल्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट चाळीस घरांत गेली. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात टोळीची उधारी बंद झाली. तिसऱ्या दिवशी मुकादमाने बापाला चारचौघांत विचारले, आणि बापाने कोपीपुढे पोराला उसाने मारले. पोरगा शाळेत यायचा थांबला. आठ-दहा दिवसांनी हजेरीपटाचे फाटलेले कव्हर बदलताना आतल्या पुठ्ठ्याच्या घडीतून सहाच्या सहा नोटा बाहेर पडल्या. मीच, घाईत, तिथे सरकवल्या होत्या.

मी वर्गात सांगितले, “पैसे सापडले.” पोरे म्हणाली, “बरं झालं गुरुजी.” कोपीवर मात्र मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हणालो. मग परीक्षा, मग कादंबरीची प्रुफे. मार्चअखेर टोळी हलली.

ही गोष्ट मी त्या रात्री प्रथमच घरात बोललो. माझी पत्नी व्यवहारी बाई आहे. ती म्हणाली, “अहो, तुम्ही नुसतं बघितलंत. बोलली ती माणसं. दुकानदाराला काय तुम्ही सांगितलं होतं उधारी बंद कर म्हणून? का त्याच्या बापाच्या हातात ऊस दिलात?”

हाच तो प्रश्न. सुरुवात करणाऱ्याचा वाटा किती? नीतीच्या पुस्तकांत त्याचे उत्तर ‘हेतू’ या शब्दाने देतात. हेतू वाईट नसेल तर दोष थोडा. कृती लहान असेल तर दोष आणखी थोडा. मीही बारा वर्षे याच दोन काठ्यांवर चालत होतो. पण माझ्या विद्यार्थ्याने पुढे जे सांगितले, त्याने दुसरी काठी तरी मोडली.

त्याने सांगितले की सगळेच रेणू असे उतावीळ नसतात. प्लॅस्टिकच्या पेल्यांत, डब्यांत वापरतात ते स्टायरीन घ्या. त्याची साखळी याच पद्धतीने चालू करायची तर पाण्यासारखा दुबळा आरंभक काही कामाचा नाही. ब्यूटिल लिथियमसारखा, हवा लागली तरी पेट घेऊ शकणारा जहाल पदार्थ लागतो. आणि हा चिकटपदार्थ, सायनोअॅक्रिलेट, त्याला श्वासातली वाफही पुरते. कारण त्याच्या रेणूवर दोन असे गट बसलेले आहेत की ते आलेला ऋण भार आनंदाने स्वतःकडे ओढून घेतात. तो रेणू आधीपासूनच वाट पाहत असतो.

अमेरिकेत हॅरी कूव्हर नावाच्या रसायनतज्ज्ञाला १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हा पदार्थ हाती लागला. पण तो दिसेल त्याला चिकटे म्हणून बाजूला टाकला गेला. १९५१ साली कूव्हरच्याच हाताखालच्या फ्रेड जॉयनर यांनी तो तपासणीसाठी एका किमती उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये पसरला, आणि लोलक काही केल्या सुटेनात. ना उष्णता दिली होती, ना दाब, ना कुठले औषध घातले होते. तेव्हा कुठे कूव्हरना कळले की हा उपद्रव नव्हे, हाच उपयोग. १९५८ मध्ये तो बाजारात आला. काचेवरचा न दिसणारा ओलावा एवढीच काय ती त्याची सुरुवात.

माझी नजर हा तसाच न दिसणारा ओलावा होता. लहान होती हे खरे. पण गाव कशाची वाट पाहत होते हे मला ठाऊक नव्हते काय? परगावची माणसे, कोपीतली, कर्जातली. त्यांच्याविषयी गावाच्या मनात दोन-दोन गट आधीच बसलेले होते. तिथे जहाल आरंभकाची गरजच नव्हती. सरपंचाच्या मुलाकडे मी तसाच पाहिलो असतो तर एक मानही वळली नसती. म्हणजे कृती केवढी हे तिच्या आकारावरून ठरत नाही; ती कुठे पडते, आणि कुठे पडते हे करणाऱ्याला माहीत आहे की नाही, यावर ठरते. पंचवीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला हे माहीत नव्हते असे कुणी म्हणू नये.

आता या विषयातला एक मोठा माणूस. मायकेल श्वार्त्स हे पोलंडमध्ये १९०९ साली जन्मलेले ज्यू. तिथून पॅलेस्टाईन, मँचेस्टर असे करीत अमेरिकेत सिरॅक्यूजला पोचले. १९५६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टायरीनच्या साखळ्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर ज्या साखळ्या लोकांना चांगल्या परिचित होत्या, त्यांची टोके एकमेकांना भेटली की जोडीने मरत. पण ऋण भाराची टोके एकमेकांजवळ येतच नाहीत. सारखा भार सारख्याला दूर लोटतो. मग ती मरणार कशाने? श्वार्त्सनी दाखवले की भांडे अगदी कोरडे आणि निर्वात ठेवले तर ती मरतच नाहीत. सगळे स्टायरीन संपले की साखळ्या थांबतात, पण टोके जागी असतात. द्रावाचा लाल रंग तसाच राहतो. नंतर आणखी स्टायरीन घाला, वाढ पुन्हा सुरू. वेगळा पदार्थ घाला, त्याच साखळीला त्याचा तुकडा जोडला जातो. (बाजारात रबरी तळव्याचे स्वस्त बूट मिळतात, त्यांतले पुष्कळसे रबर असेच जोडतुकड्यांचे असते.) अशा साखळ्यांना त्यांनी ‘जिवंत’ म्हटले. तो लाल रंग घालवायला पाण्याचा एक थेंब पुरतो. फेविक्विकमध्ये पाणी सुरुवात करते आणि इथे पाणीच शेवट करते! यावर धाकटीने जो चेहरा केला, तो मी कादंबरीत वापरणार आहे.

सगळ्या साखळ्या एकाच वेळी सुरू झाल्या तर त्या जवळजवळ सारख्या लांबीच्या होतात, आणि सुरुवात करणारे कण किती घातले यावरून ती लांबी आधीच सांगता येते, असेही तो म्हणाला. जूनमध्ये एकदम बसवलेला माझा वर्ग मार्चमध्ये असा सारखा कधी निघालेला नाही. असो.

मला हादरवले ते निराळ्याच गोष्टीने. ब्यूटिल लिथियमने साखळी सुरू केली, तर त्याचा ब्यूटिल हा तुकडा साखळीच्या पहिल्या टोकाला कायमचा चिकटून राहतो. साखळी कितीही वाढो, ती कुणी सुरू केली याची खूण तिच्या अंगावर असते. पण श्वार्त्सनी सुरुवातीला वापरले ते सोडियम आणि नॅप्थॅलीन. नॅप्थॅलीन म्हणजे आपल्या कपड्यांच्या ट्रंकेतली डांबराची गोळी. सोडियम आपला इलेक्ट्रॉन नॅप्थॅलीनला देते. द्राव हिरवागार होतो. नॅप्थॅलीन तो इलेक्ट्रॉन स्टायरीनला देऊन टाकते आणि पुन्हा साधे नॅप्थॅलीन होते. साखळीत त्याचा मागमूस नाही.

मी तोच. गावात ती गोष्ट अजून आहे. दोन वर्षांपूर्वी एका टोळीच्या पोरांना शाळेत घ्यायचे निघाले, तेव्हा चहाच्या टपरीवर एक गृहस्थ म्हणाले, “ऱ्हाऊ द्या हो. मागं एकदा असल्याच एका पोरानं सहलीचं पैसं न्हाई का मारलं?” पैसे सापडले हे त्यांच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. टोक जागे होते. नवा रेणू मिळताच एक कडी वाढली. आणि त्या गोष्टीत पोरगा आहे, टोळी आहे, सहाशे रुपये आहेत, मी नाही. मी नामानिराळा, ट्रंकेतल्या गोळीसारखा पांढरा. टपरीवर मी तेव्हा चहा पीत होतो, आणि मी काही बोललो नाही.

एक मात्र माझ्या बाजूने म्हणता येईल, आणि मी ते म्हणून पाहिले. नॅप्थॅलीनने तरी इलेक्ट्रॉन स्वतःचा कुठे दिला? सोडियमचाच पुढे दिला. ती नजर माझी एकट्याची नव्हती. टोळीवाल्यांविषयीचा तो संशय मी लहानपणापासून याच गावात ऐकला, आणि वर्गात तेवढाच पुढे केला. हे खरे आहे. पण या हिशेबाने मागे मागे गेले तर कुणीच काही सुरू केलेले नाही असे ठरते, आणि पोराच्या पाठीवरचे वळ मात्र उरतात. जो हिशेब करून मार खाणाऱ्याखेरीज सगळेच सुटतात, तो मला खोटा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रेणूला मन नसते. भार आला की तो पुढे देणे त्याला भाग आहे. माणसाला भाग नाही. चाळीस घरांत ती गोष्ट गेली, त्यांतल्या एकाही आईने “तू पाहिलंस का?” असे पोराला विचारले असते, तर तिथली साखळी तिथे थांबली असती. नळीतल्या त्या आम्लाचे काम हेच. ते काही मोठे करीत नाही, आलेला भार स्वतःवर उतरवून घेते आणि पुढे देत नाही. गावाचा वाटा आहे, आणि मी तो माफ करीत नाही. पण वाटा हा शब्दच इथे फसवा आहे. शेतीच्या वाटण्या करताना एकाला जास्त गेले की दुसऱ्याला कमी येते. दोषाचे तसे नसते. गावाने आपला सगळा दोष पदरात घेतला, तरी माझा एक गुंठाही कमी होत नाही.

मग सुरुवातच करू नये काय? सर्व आरंभ टाकून दिलेला भक्त गीतेने वाखाणला आहे. संन्याशाला ते साधेल. मास्तराचा धंदाच आरंभांचा आहे; रोज चाळीस जणांसमोर उभे राहून तो काय काय सुरू करतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पाषाण रस्त्यावरच्या त्या संस्थेत, १९९० नंतरच्या दशकात बास्करन आणि शिवराम यांनी याच प्रकारच्या साखळ्यांवर काम केले. अॅक्रिलिक काच ज्याची करतात त्या मेथॅक्रिलेटची अडचण अशी, की वाढणारे टोक कधीकधी मागे वळून स्वतःच्याच साखळीला डसते आणि तिथेच संपते. त्यांनी त्यात लिथियमचे एक क्षार, लिथियम परक्लोरेट, घातले. ते टोकाच्या सोबतीने राहते, त्याला आवरून धरते, आणि साखळी सरळ वाढते. आरंभ टाळला नाही. आरंभानंतर टोकाजवळ राहण्याची व्यवस्था केली. मी हे ऐकले आणि मला ती न गेलेली वाट आठवली: शाळेपासून कोप्यांपर्यंत, ओढ्यावरून, चालत दहा मिनिटांची.

पत्नीने शेवटी विचारले, “मग आता काय करणार? तो पोरगा बावीस-तेवीसचा झाला असेल. कुठे शोधणार?”

शोधायला सुरुवात केली आहे. जुन्या मुकादमाचे गाव कळले आहे. पोराचे अजून नाही. कदाचित तोही आता कोयता झाला असेल, बापाच्या उचलीचे टोक हातात धरून.

पाडव्याच्या सकाळी टपरीवर गेलो. तेच गृहस्थ होते. उसाच्या दराची गोष्ट चालली होती. या वर्षीच्या टोळ्या कधी येणार असे निघाले. मी म्हणालो, “त्या सहलीच्या पैशांची गोष्ट तुम्ही सांगता ना, तिच्यात एक राहिलंय. पैसे माझ्याच हजेरीपटात सापडले. मीच ठेवले होते. आणि पोराकडे बघितलं ते मी.”

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. “असं व्हय गुरुजी,” म्हणाले, आणि टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला. मग पुन्हा दराचे निघाले. एक तरुण पोरगा मात्र उठून जाताना थांबला आणि म्हणाला, “आम्ही होतो की गुरुजी त्या वर्गात. तुम्ही पैसे सापडले म्हणालात. कुठं ते न्हाई सांगितलं.”

घरी आलो तेव्हा धाकटी किल्ल्यापाशी होती. मावळ्याचा हात घट्ट बसला आहे, किंचित वाकडा. खांद्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा पांढरट उमटला आहे, तो तिने खरवडून पाहिला, निघाला नाही.